पाणी आत्ता होतं, गेलं कुठे?

नमस्कार मंडळी. आज धबधब्यांच्या वाटेवरच्या एका दिवसाबद्दल बोलायचंय, आणि आधीच सांगून टाकते की या वाटेवर जो सगळ्यात उंच धबधबा असायला हवा तो कोरडा ठणठणीत आहे. तरी चला, कारण मजा तिथेच आहे.

जागा इंग्लंडमधली, यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्कातलं मॅलम नावाचं छोटंसं गाव. माझी मुलगी लीड्सला असते, तिथून स्किप्टनपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, बसच्या फेऱ्या मोजक्याच त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवायची. चालणं साधारण 12 किलोमीटर, गोल फिरून परत गावातच. चढ आहे पण आपल्या हरिश्चंद्रगडासारखा दम काढणारा नाही, माझ्या गुडघ्यांनी निभावलं म्हणजे तुमचेही निभावतील.

आता एक फरक लक्षात ठेवा. आपला सह्याद्री म्हणजे बसाल्ट, काळा कातळ, पाऊस पडला की पाणी कड्यावरून धो धो खाली येतं आणि दिवाळीनंतर बहुतेक धबधबे आटतात. मॅलमचा डोंगर जवळजवळ सगळा चुनखडीचा. चंद्रपूर-यवतमाळकडच्या श्रोत्यांना चुनखडी काय ते मी सांगायला नको, गडचांदूर-कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने तिच्यावरच तर चालतात. ही मॅलमची चुनखडी तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी साचली, तेव्हा ब्रिटनचा हा तुकडा विषुववृत्ताच्या आसपास होता, आता तिथे जूनमध्येसुद्धा स्वेटर लागतो. चुनखडीचं वैशिष्ट्य असं की पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि त्या पाण्यात हा दगड हळूहळू विरघळतो. मग भेगा रुंद होतात, भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा होतात, आणि वरचा ओढा एक दिवस मुकाट्याने जमिनीखाली निघून जातो.

तर गावातून निघायचं, शेतांमधून, त्या नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या भिंतींच्या कडेकडेने, मेंढ्या तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग एक झाडी लागते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर झाडी दिसायच्या आधी वास येतो, रानलसणाचा, जमीनभर हिरवी पानं आणि पांढरी फुलं, मला तर तिथेच फोडणीची आठवण झाली. झाडीच्या टोकाला पहिला धबधबा, जॅनेट्स फॉस. छोटासाच आहे, खाली हिरवट डोह. जॅनेट ही तिथली पऱ्यांची राणी, धबधब्यामागच्या गुहेत राहते अशी दंतकथा. डोहात पूर्वी मेंढ्या धुवायचे, म्हणजे माणसं थंडगार पाण्यात छातीएवढी उभी राहायची आणि एकेक मेंढी हातात घेऊन लोकर धुवायची, कातरणीच्या आधी. पऱ्यांपेक्षा मला हीच गोष्ट जास्त आवडली. वाटेत पडलेल्या झाडांच्या खोडांमध्ये लोकांनी नाणी ठोकून ठेवलीयत, नवस म्हणा हवं तर, माणूस इथूनतिथून सारखाच.

पण या धबधब्याकडे नीट बघा. आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे दगड झिजवणारा. हा उलटं करतो, हा दगड बनवतो. पाण्यात विरघळून आलेला चुना, पाणी उंचावरून आपटलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना मग पाण्यात राहू शकत नाही, शेवाळावर बसतो, शेवाळ वर वाढतं, त्यावर परत थर, असं करत करत फुगीर मऊसर दिसणारा दगड तयार होतो, त्याला तुफा म्हणतात. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं त्यांनी गीझरची कॉईल आठवावी, तोच पांढरा थर, फक्त इथे त्याचा अख्खा पडदा झालाय.

पुढे दहा-पंधरा मिनिटांत गॉर्डेल स्कार. सपाट गवताळ खोऱ्यातून तुम्ही आरामात चालत असता, वाट एका वळणावर आत शिरते आणि दोन्ही बाजूंनी कडे एकदम अंगावर येतात. ट्रेकर मंडळींच्या भाषेत सांगायचं तर नाळ, पण अशी की वरचे कडे पुढे झुकलेले. वरच्या टप्प्यावर पाणी खडकातल्या एका भोकातून बाहेर पडतं, खिडकीतून कुणी बादली ओतावी तसं म्हणणार होते पण बादली फार लहान झाली. जेम्स वॉर्ड नावाच्या चित्रकाराने 1812 ते 1814 या काळात या जागेचं एक अवाढव्य चित्र काढलं, 3 मीटरहून उंच आणि 4 मीटरहून रुंद, ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यात त्याने कडे अजून उंच आणि भीषण केलेत. खरं सांगू, गरज नव्हती.

इथून वर जायची वाट खालच्या धबधब्याच्या शेजारच्या तुफ्याच्या खडकावरून जाते, छोटा रॉक पॅच आहे, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळाचा तुकडा, होल्ड म्हणजे पकडायच्या खाचा चांगल्या आहेत, पण पाणी वाढलं असेल किंवा दगड ओला असेल तर अजिबात नादी लागू नका. पुलापर्यंत मागे येऊन रस्त्याने आणि कुरणातून तळ्याकडे जाता येतं. आम्ही तसंच गेलो, मुलगी जराशी नाराज झाली, मी नाही.

तळं म्हणजे मॅलम टार्न, समुद्रसपाटीपासून 377 मीटरवर. आता तुम्ही विचाराल की चुनखडीत पाणी टिकत नाही म्हणालीस ना, मग तळं कसं? बरोबर विचारलंत. तळ्याखाली चुनखडी नाही, त्याहून जुनी स्लेट आहे, तिच्यातून पाणी खाली जात नाही. आम्ही काठावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, वारा इतका की चटणी बोटांनी धरून ठेवावी लागली. तळ्यातून एक छान खळाळता ओढा निघतो, रस्ता ओलांडतो, चुनखडीवर येतो, आणि संपतो. डोळ्यांदेखत. गोटे दिसतात, पाणी त्यांच्यामध्ये झिरपत झिरपत कमी होतं आणि पुढे नुसतं गवत. मी दोनदा मागेपुढे चालून बघितलं, पाणी आत्ता होतं, गेलं कुठे?

ते सांगते, पण आधी पुढची वाट. पाणी गायब झालं तरी दरी पुढे चालू राहते, चांगली खोल, दोन्हीकडे कडे, आणि तळाला थेंब नाही. ही नदीने कोरलेली दरी आहे, नदी हिमयुगातली. तेव्हा जमीन गोठलेली, भेगांमध्ये बर्फ गच्च, त्यामुळे वितळलेल्या बर्फाचं पाणी खाली जाऊच शकलं नाही, वरून वाहिलं आणि पुढच्या कड्यावरून कोसळलं. तो कडा म्हणजे मॅलम कोव्ह, साधारण 80 मीटर उंच, भव्य पांढुरका अर्धगोल. बर्फ गेला, भेगा मोकळ्या झाल्या, पाणी आत गेलं, धबधबा संपला. पण 6 डिसेंबर 2015 ला डेस्मंड वादळात इतका पाऊस झाला की जमिनीखालच्या वाटा भरून गेल्या आणि कोव्हवरून पाणी परत पडलं, हयात असलेल्या कुणाच्या आठवणीत पहिल्यांदा. थोडाच वेळ टिकलं ते.

कड्याच्या माथ्यावर चुनखडीची फरशी आहे, मोठमोठे गुळगुळीत दगड आणि मध्ये खोल चिरा. चिरांमध्ये वाकून बघा, वर उघड्या दगडावर गवत टिकत नाही आणि आत सावलीत, ओलाव्यात नेचे वाढलेत. एके काळी हे दगड बागांच्या सजावटीसाठी उचलून न्यायचे, आता 1981 च्या कायद्याने अशा फरशांना संरक्षण देता येतं. पाय जपून टाका, हजारो बुटांनी ते दगड घासून चकचकीत झालेत. पायऱ्या उतरून खाली आलात की कड्याच्या तळातून एक ओढा शांतपणे बाहेर येताना दिसतो, आणि वर मान केलीत तर नशिबात असेल तर बहिरी ससाणा.

साहजिक वाटतं की वर बुडालेलं पाणी ते हेच. तिथल्या लोकांनाही तसंच वाटायचं. मग पाण्यात रंग वगैरे सोडून तपासलं तर कळलं की तळ्याचं पाणी मुख्यतः कोव्हला टाळून गावाच्याही खाली, एअर हेड नावाच्या झऱ्यांमधून वर येतं, आणि कोव्हच्या ओढ्यातलं बरंचसं पाणी दुसरीकडे, जुन्या धातू वितळवायच्या भट्टीजवळ बुडालेलं असतं. म्हणजे डोंगराच्या पोटात दोघांच्या वाटा एकमेकींना ओलांडून जातात. या पाण्यांचीच एअर नदी होते, ती पुढे स्किप्टनवरून लीड्सला येते, लीड्सचं रेल्वे स्टेशन तिच्यावर बांधलेल्या कमानींवर उभं आहे, म्हणजे आम्ही सकाळी ट्रेनमध्ये बसलो तेव्हा ती आमच्या पायाखालीच होती.

असं काही जवळपास बघायचं असेल तर छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात कुटुमसरची चुनखडीची गुहा आहे, तीरथगड धबधबाही तिथेच, गडचिरोलीकरांना तर शेजारचंच.

आणि यॉर्कशायरला गेलातच तर इंगलबरो डोंगरावरचं गेपिंग गिल विसरू नका. तिथे ओढा जमिनीतल्या एका भोकात उडी घेतो आणि आतल्या आत जवळपास 100 मीटर कोसळतो. 1895 मध्ये मार्तेल नावाचा फ्रेंच माणूस दोराच्या शिडीवरून पहिल्यांदा तळाशी पोचला. आता मेअखेरीस आणि ऑगस्टमध्ये तिथले गुहावाले क्लब विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, लावतात, खुर्चीत बसवून साध्या लोकांनाही खाली सोडतात. मुलगी म्हणतेय पुढच्या वेळी आपण दोघी उतरू. मी सांगितलंय, तू उतर, मी वर बसून बॅगा सांभाळते. नमस्कार.