रक्ताचा एक कर्करोग आणि त्यामागचा विषाणू

श्रोतेहो, नमस्कार. रक्ताचा कर्करोग शेजाऱ्यापासून लागत नाही, हे खरंच. पण त्याच्या एका प्रकाराची सुरुवात मात्र संसर्गातूनच होते. 1977 साली क्योटोमध्ये डॉ. ताकात्सुकी आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराचं, म्हणजे प्रौढांमधल्या टी-पेशींच्या ल्युकेमियाचं वर्णन केलं. टी-पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. रुग्ण दाखल झाले क्योटोत, पण बहुतेकांचा जन्म नैऋत्य जपानमधल्या क्युशू बेटावरचा. खरी मेख तिथेच होती. 1980 साली अमेरिकेत संशोधक रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने एचटीएलव्ही-1 हा विषाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी जपानी संशोधक हिनुमा यांनी जपानी रुग्णांच्या रक्तात त्याच्याशी संबंधित प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज दाखवली.

नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटं, आफ्रिकेचा काही भाग, इराणमधलं मशहद, मध्य ऑस्ट्रेलिया असा हा विषाणू विखुरलेला आढळतो. कारण तो जिवंत पेशीच्या आत बसूनच एका शरीरातून दुसऱ्यात जातो. हवेतून किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. दीर्घकाळचं स्तनपान, लैंगिक संबंध, पेशी असलेलं रक्त, वापरलेली सुई एवढेच त्याचे मुख्य मार्ग. म्हणून तो घराण्याघराण्यांत टिकून राहतो.

जगात किमान 50 लाख ते 1 कोटी लोक बाधित असावेत. त्यांतल्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जणांना हा कर्करोग होतो, तोही बहुतेक तान्हेपणी लागण झालेल्यांना. विषाणू टी-पेशीच्या जनुकांत घुसतो, आणि त्याचं टॅक्स नावाचं प्रथिन तिला सतत विभागायला लावतं. दशकानुदशकं बिघाड साचत जातात आणि शेवटी एकाच पेशीचा वंश बेफाम वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींचं केंद्रक पाकळ्यांसारखं दिसतं.

गाठी, अंगावर चट्टे यांबरोबर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग खूप तहान, बद्धकोष्ठता, बरळणं. हे वयामुळे होतंय असं समजण्यात मोलाचे दिवस जातात. अशा रुग्णाचं कॅल्शियम आणि एचटीएलव्ही प्रतिपिंडं दोन्ही तपासावीत. मात्र पहिली चाचणी सकारात्मक आली म्हणून निदान सांगून मोकळं होऊ नये. ती खोटी सकारात्मक येऊ शकते. वेस्टर्न ब्लॉटसारख्या चाचणीने खात्री करावी, आणि तिथेही निकाल संदिग्ध आला तर विषाणूची जनुकं थेट शोधणारी पीसीआर चाचणी करावी.

लस नाही, त्यामुळे सारा भर संक्रमण तोडण्यावर. जपानने 1986 पासून रक्तदात्यांची तपासणी सुरू केली, तर नागासाकी प्रांताने 1987 पासून गर्भवतींची. तिथे दीर्घ स्तनपान मिळालेल्या बाळांपैकी सुमारे 20 टक्के बाधित होत, वरच्या दुधावर वाढलेल्यांपैकी सुमारे 2.5 टक्के. म्हणजे धोका शून्य होत नाही. शिवाय स्वच्छ पाणी नसेल तर बाटलीतल्या दुधाने होणारे जुलाब बाळाला त्याआधीच गाठतील, तेव्हा मातेने हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

नागासाकीत त्या तपासणीमुळे लागण टळलेली पहिली मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. जपानमध्ये हा कर्करोग उघड होण्याचं सरासरी वय सदुसष्टच्या घरात आहे.