दोघींपैकी आई कोण?

श्रोतेहो, नमस्कार. 2019 साली स्पेनमध्ये एक बाळ जन्मलं. त्याच्या दोन आया, एक बल्गेरियाची, दुसरी ब्रिटिश, दोघी एकमेकींशी रीतसर लग्न केलेल्या. स्पेनने जन्मदाखल्यावर आई म्हणून दोघींचीही नावं लिहिली. बल्गेरियातले अधिकारी मात्र अडून बसले: यातली जन्मदात्री कोण, ते आधी सांगा. तिथल्या आईने ते सांगायला साफ नकार दिला. 2021 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की बाळाला दोघींपैकी कुणाहीबरोबर युरोपात फिरता आलंच पाहिजे. पण 2023 मध्ये बल्गेरियाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते बाळ आपलं नागरिकच नाही, असं ठरवून टाकलं.

बरं, जन्मदात्री म्हणजे तरी कोण? आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या तंत्रात, स्त्रीबीज एकीचं आणि गर्भाशय दुसरीचं, असंही करता येतं. जनुकं हिची, कळा तिच्या. आणि रात्री उठून दूध पाजणारी कोण, हे तर कुठल्याच तपासणीत दिसत नाही. दत्तक घेणाऱ्यांना हे केव्हाचं ठाऊक आहे म्हणा. समलिंगी जोडप्यांमुळे ते सरकारदरबारी उघड झालं, इतकंच.

पालक दोनच असावेत, हेही आता सगळीकडे गृहीत धरलं जात नाही. दोन मैत्रिणी आणि त्यांचा एक मित्र, अशा तिघांनी ठरवून मूल वाढवलं, तर? कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य, दोन्हीकडच्या कायद्यांत तिघांना पालक मानण्याची सोय आहे.

'मुलांचं काय होणार?' हा प्रश्न ठरलेला. केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ सुसान गोलंबोक 1970 च्या दशकापासून समलिंगी पालकांच्या घरांचा अभ्यास करत आल्या आहेत. आईवडिलांचं लिंग काय, यापेक्षा घरातला जिव्हाळा मुलांच्या वाढीसाठी महत्त्वाचा, असं त्यांना आढळलं.

नात्यांचा गोतावळाही बदलला. 1980 च्या दशकात एड्स झालेल्या कितीतरी समलिंगी पुरुषांकडे घरच्यांनी पाठ फिरवली, तेव्हा उशाशी बसले ते मित्र आणि जुने जोडीदार. मानलेली नाती सख्ख्यांना भारी पडली.

आता या घरांचे गोडवेच गायला नकोत. तिथेही भांडणं होतात, फारकती होतात. आणि फारकत झाली की जिचं नाव कागदावर नाही, ती आई अनेक देशांत कोर्टापुढे परकी ठरते. मूल मात्र तिलाही आईच म्हणत असतं.