एडीएचडी कोचिंग: घडी मोडते तेव्हा

मंडळी, मोठ्या वयात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालं, गोळी सुरू झाली, लक्ष जरा टिकायला लागलं, तरी टेबलावरचा कागदांचा ढीग हलत नाही, असं अनेकांचं होतं. लक्ष टिकलं तरी ते कशाकडे द्यायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे गोळी ठरवत नाही. कोचिंगचं काम तिथे आहे.

कोच निदान करत नाही, औषध देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार १७ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तीत दुर्लक्ष किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली किमान ५ लक्षणं लागतात, आणि त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं फेकू नका. ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं’ हा बाईंचा शेरा तपासणीत कामाला येतो. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, थायरॉइड यांनीही लक्ष उडतं, तेव्हा ते आधी तपासून घ्या.

कोचबरोबरची पहिली बैठक साधारण तास-दीड तासाची असते. तुमचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, कुठे अडतो, हे तिथे समजून घेतलं जातं. पुढे आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एखाद-दुसरा निरोप. एका वेळी एक, फार तर दोन गोष्टी हाती घ्यायच्या. झोप, व्यायाम, घरखर्च, ऑफिस असं सगळं एकदम सुधारायला घेणारा आराखडा टिकत नाही.

उदाहरण घेऊ. ‘आयटीआर भरणे’ हे काम जूनपासून यादीत आहे आणि ३१ जुलै जवळ आली आहे. याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. कोच विचारतो, यातली हाताने करायची पहिली कृती कोणती? उत्तर येतं, फॉर्म १६ काढणे. तो कुठे आहे? कंपनीच्या पोर्टलवर. मग काढला का नाही? पासवर्ड आठवत नाही. गाडी दोन महिने या पासवर्डपाशी अडलेली असते! आता यादीतली नोंद बदलते: ‘मंगळवारी जेवण झाल्यावर साडेनऊला, जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून पासवर्ड बदलणे आणि झाल्याचा निरोप पाठवणे.’ एवढंच. तेही एकट्याने होत नसेल तर त्या वेळी कोणीतरी व्हिडिओ कॉलवर नुसतं सोबत बसतं, आपापलं काम करतं. याला बॉडी डबलिंग म्हणतात. सोबत असली की काम सुरू करणं बऱ्याच जणांना सोपं जातं.

वेळेचा अंदाज चुकणं हा दुसरा मोठा विषय. आठवडाभर रोज तीन कामांपुढे अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेली मिनिटं लिहायची. वीस मिनिटांच्या कामाला पन्नास लागतात असं वारंवार दिसलं, तर पुढच्या आठवड्यापासून अंदाजाच्या अडीचपट वेळ धरायचा. आवरणं, चावी शोधणं, लिफ्ट, पार्किंग हे अंदाजात धरलेलंच नसतं.

आणि मग ही बसवलेली घडी मोडते, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. नवी डायरी, नवं ॲप यांची नवलाई संपते, अलार्म ऐकू येऊनही हात आपोआप तो बंद करतो. लाज वाटते आणि माणूस बैठकच रद्द करतो. माझ्या मते कोचिंगची खरी परीक्षा इथे असते. चांगला कोच दुसऱ्याच बैठकीत सांगून ठेवतो की हे होणार आहे, आणि काहीही झालेलं नसलं तरी बैठकीला यायचं. मग तो नेमकी जागा शोधतो: अलार्म वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात, हातात काय होतं? डायरी बॅगेत राहत असेल तर ती उघडी करून चहाच्या डब्याशेजारी ठेवा. ‘थोडी शिस्त हवी’ एवढंच ऐकवणारा कोच घरच्यांपेक्षा वेगळं काही देत नाही, आणि ते ऐकत तर तुम्ही लहानाचे मोठे झालात.

‘कोच’ अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावू शकतो, म्हणून विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या पहिल्या पातळीसाठी ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पण त्यात एडीएचडीचं शिक्षण आपोआप येत नाही. ते वेगळं घेतलंय का, हे विचारा. गोळ्या बंद करा म्हणणारा किंवा एडीएचडी मुळापासून घालवण्याची हमी देणारा असेल, तर तिथेच थांबा. आत्महत्येचे विचार येत असतील तर कोचची वाट पाहू नका. डॉक्टर गाठा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा.

तीन-चार महिन्यांनी बैठका पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्यायच्या. नोकरी बदलली, घर बदललं, बाळ झालं की बसलेली घडी पुन्हा विस्कटते. तेव्हा दोन-तीन बैठकांसाठी परत जायला अजिबात संकोचू नका.