किल्ली दिली, डिपॉझिट कधी?

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. घरासमोर छोटा हत्ती उभा. गादी, कपाट, गॅसची शेगडी चढते आहे.)

निवेदन:

उन्हाळा सरत आला की सांगलीत हे दृश्य गल्लोगल्ली दिसतं. वालचंद, विलिंग्डन कॉलेजची मुलं खोल्या सोडतात. मिरजेच्या दवाखान्यातल्या नर्सला दुसऱ्या गावी नोकरी लागते. कुपवाड एमआयडीसीतला कामगार कंपनीजवळ घर बघतो. सामान चढतं, दोर आवळला जातो आणि निघता निघता कुणीतरी विचारतं, "काका, डिपॉझिटचं काय?"

वरच्या गॅलरीतून उत्तर येतं, "देतो की. नवीन भाडेकरू येऊ दे, मग बघू."

डिपॉझिट म्हणजे मालकाकडे ठेवलेली अनामत. पैसा भाडेकरूचाच. पण हातात आला की तो मुलाच्या फीत जातो, आजारपणात जातो, वरच्या मजल्याच्या स्लॅबला लागतो. मग जुन्याचं डिपॉझिट फिटायचं ते नव्याच्या डिपॉझिटातून. नवा भाडेकरू यायला दोन महिने लागले, की जुना दोन महिने फोन करत राहतो. बहुतेक मालक कुणाला बुडवायला बसलेले नसतात, हे आधी सांगायला हवं. कित्येकांचं म्हातारपण त्या भाड्यावर चालतं. पण पैसे खर्चून गेलेले असले आणि परत द्यायची वेळ आली, की भिंतीवरचा प्रत्येक डाग मोठा दिसायला लागतो.

(दृश्य: रिकामी खोली. खिळ्यांची भोकं, कॅलेंडरमागची फिकट चौकट, दिव्याखालचा काजळीचा पट्टा.)

एक घर डोळ्यांसमोर आणू. भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. कुटुंब तीन वर्षं राहिलं. निघताना मालकांनी वहीच्या कागदावर हिशेब मांडला: रंग १२,०००, साफसफाई १,५००, स्वयंपाकघरातली तोटी ४००, बेसिन २,२००, लाइटबिल ९४०. एकूण १७,०४०. हातात आले १२,९६०.

एकेक ओळ बघू. लाइटबिल भाडेकरूचंच, वाद नाही. बेसिनवर तांब्या पडून तडा गेला, तेही भाडेकरूकडेच. मात्र दुकानदाराचं बिल दाखवायला हवं, आणि बेसिन दहा वर्षांचं जुनं असेल तर नव्याची पूर्ण किंमत मागणं बरोबर नाही. तोटी वापरून झिजली. ती कुणी फोडली नाही. भाड्याचं घर दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये लिहिलेलं आहे. साफसफाई? घर झाडून, मोरी घासून दिलं असेल, तर कसली?

राहिला रंग. जवळजवळ प्रत्येक भांडण इथे येऊन थांबतं. तीन वर्षांत रंग फिका पडणारच. फोडणीचा धूर बसणार, कपाटामागची भिंत वेगळी दिसणार. माणसं राहिली म्हणून झालेली ही झीज आहे, आणि त्या राहण्याचंच भाडं महिन्याच्या महिन्याला दिलेलं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेपट्ट्याबद्दल हेच सांगतं: घर जसं मिळालं तसं परत करायचं, पण वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेला बदल त्यातून वगळायचा. मुलाने भिंतभर स्केचपेनने चित्रं काढली असतील, टीव्ही अडकवायला ड्रिल मारून प्लास्टर फोडलं असेल, तर तेवढ्या भिंतीचा खर्च द्यावा. अख्ख्या घराचा नाही.

म्हणजे या कागदावर खरी कपात ३,१४० रुपयांची. परत मिळायला हवेत २६,८६०.

(दृश्य: आयर्विन पूल. खांबावरचे फुटांचे आकडे. खाली कृष्णा.)

'आवाक्याबाहेरची शक्ती' हे शब्द सांगलीकराला समजावून सांगावे लागत नाहीत. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ला आणि त्यानंतर २०२१लाही महापूर आला. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रस्ता, जिथे जिथे पाणी शिरलं तिथल्या तळमजल्यांच्या भिंती महिनोन् महिने ओल्या राहिल्या. पोपडे सुटले, दारं फुगली, फरशी उचलली गेली. त्या घरांत भाडेकरूचंही सगळं गेलं होतं: धान्य, गाद्या, पोरांची पुस्तकं. अशा घराच्या रंगाचे पैसे भाडेकरूच्या डिपॉझिटातून कापणं, हे कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. नदीने केलेलं नुकसान भाडेकरूच्या नावावर लिहायचं नसतं.

एक खबरदारी मात्र हवी. आपल्याकडे घरं बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात, आणि तो भाडेपट्टा नव्हे, वापराचा परवाना. तिथे करारात काय लिहिलंय याला फार महत्त्व. म्हणून 'वाजवी झीज व नैसर्गिक आपत्ती वगळून' ही ओळ सही करतानाच घालून घ्या. 'सोडताना पूर्ण रंग भाडेकरूने द्यायचा' असं छापलेलं असेल, तर तेही त्याच दिवशी वाचा आणि त्याच दिवशी बोला. सही झाल्यावर ते खोडणं अवघड.

(दृश्य: एका हातात मोबाइल. विजेच्या मीटरचा फोटो निघतो आहे.)

डिपॉझिट परत मिळणार की नाही, हे बरंचसं घरात शिरतानाच ठरतं. सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. ओल कुठे आहे, कोणती काच तडकलेली आहे, पंखे किती, गीझर चालू आहे का, महावितरणच्या मीटरवर आकडा काय. काढलात की लगेच मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा: "काका, आज ताबा घेतला, घराची स्थिती अशी आहे." आपल्या मोबाइलमध्ये पडून राहिलेल्या फोटोपेक्षा समोरच्याला त्या तारखेला पाठवलेला फोटो कितीतरी भक्कम. डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या, शेऱ्यात 'डिपॉझिट' लिहा. रोखीनेच द्यावं लागलं तर सहीची पावती घ्या.

आता कराराबद्दल. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की झालं, असं फार जण समजतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतात. नोंदणी आता आधारच्या अंगठ्यावर घरबसल्या होते.

घर सोडताना करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस लेखी द्या. शेवटच्या आठवड्यात मालकांना घरी बोलवा आणि दोघांनी मिळून खोल्या बघा. कपातीचा हिशेब तिथेच कागदावर, दोघांच्या सह्या. एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने पैसे. डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल, असं कलम काही करारांत असतं. तुमच्यात असेल तर त्याचा आधार घ्या. नसेल तर मुदत संपल्यावर ताबा अडवून बसू नका, कारण लायसन्सची मुदत उलटल्यावर न सोडणाऱ्याला त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. "शेवटचे दोन महिने डिपॉझिटातून वळते करा" हेही मालकांचा लेखी होकार असेल तरच.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, आणि मालकाने घराचा ताबा परत घेतानाच ते परत द्यावं, असं म्हटलंय. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

(दृश्य: टपाल कार्यालयाची खिडकी. पाकिटावर शिक्का पडतो.)

एवढं करूनही पैसे अडले तर? पोलिस ठाण्यात बहुधा 'ही दिवाणी बाब आहे' असंच ऐकायला मिळतं. म्हणून आधी मालकांना पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवा: किती दिले, कधी दिले, घर कधी सोडलं, किती कपात मान्य, किती येणं आणि किती दिवसांत हवं. भाषा साधी ठेवा, धमकी नको. कित्येकदा हे पत्र घरात पोचल्यावरच मुलगा किंवा सून हिशेबाला बसते.

नाहीच झालं, तर वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्याआधी सांगलीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत वकील मिळतो. महिलेला उत्पन्नाची अटही नाही. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००. दावा लावायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या की निवाडा होतो. त्यावर अपील नाही, आणि पैसे दिले नाहीत तर दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच त्याची वसुली होते.