डिस्क वाजते? आधी तेलाची बाटली खाली ठेवा!

नमस्कार मंडळी! पाऊस पडायला लागला की आपल्या कमेंटमध्ये एकच प्रश्न उगवतो. 'दादा, सायकलला डिस्क ब्रेक घेऊ की साधा ब्रेक?' गेल्या रविवारी राइडनंतर मिसळ खायला बसलो, तर शेजारच्या टेबलावरच्या काकांनीही तेच विचारलं. पापड मोडायची उसंत दिली नाही. म्हटलं, आता एकदाचं बोलूनच टाकू.

बेसिक झटपट. साध्या, म्हणजे रिम ब्रेकमध्ये रबर थेट चाकाच्या रिमला, बाहेरच्या कड्याला, घासतं. डिस्कमध्ये हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्टीलची वेगळी चकती असते, तिला चिमट्यासारख्या कॅलिपरमधले पॅड पकडतात. केबलने ओढला तर मेकॅनिकल, तेलाच्या दाबाने चालला तर हायड्रॉलिक. झालं.

आता फरक कुठे पडतो? पावसात. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे भर पावसात उतरताना मी रिम ब्रेक दाबला आणि पहिला क्षण काहीच झालं नाही. ओल्या रिमवरचं पाणी रबराने पुसल्याशिवाय पकड येत नाही, त्यात चाकाचा एखाद-दुसरा फेरा जातो. वळण समोर असताना तो फेरा फार मोठा वाटतो हो! शिवाय चिखलातली कच रबरात रुतते आणि रिमच खरवडते. रिम झिजली की चाकच बदला. डिस्कची चकती मात्र वर, चिखलापासून लांब असते आणि झिजली तर तेवढीच बदलता येते.

पण म्हणून डिस्क दिसली की सायकल भारी, असं नाही. स्वस्त सायकलवरच्या मेकॅनिकल डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतं, दुसरं जागेवरच. पॅड झिजलं की ते जागेवरचं हाताने आत सरकवावं लागतं. हे दुकानात कुणी सांगत नाही. मग लिव्हर हँडलला टेकते आणि मला मेसेज येतो, 'डिस्क बोगस आहे'. त्यापेक्षा नीट सेट केलेला व्ही-ब्रेक (रिम ब्रेकचाच एक प्रकार) बरा. कॉलेज रोडवर क्लासला जाणाऱ्या पोराला तो पुरून उरतो.

'प्रो लोक तर रिमवरच जिंकायचे,' असंही एकाने लिहिलंय. बरोबर. रोड रेसमध्ये डिस्कला यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कायमची परवानगी दिली 2018 मध्ये, आणि 2019 ची टूर द फ्रान्स एगन बर्नालने रिम ब्रेकवरच मारली. पण त्याच्या मागे मेकॅनिकची गाडी असते, राजा. तुझ्यामागे सिटीलिंकची बस आहे.

आता माझं डोकं फिरवणारा विषय. डिस्क वाजते म्हणून लोक तिच्यावर तेल मारतात! अहो, दार कुरकुरलं तर तेल मारायचं. ब्रेकचं कामच घासणं आहे, तुम्ही त्याला गुळगुळीत करताय.

मी शहाणा आहे असं समजू नका. मीही केलंय. थेट चकतीवर नाही, चेनवर स्प्रे मारला. चेन उजवीकडे, डिस्क डावीकडे, मला वाटलं काय होतंय. स्पोकमधून बारीक तुषार पलीकडे उडाले, आणि दुसऱ्या दिवशी पांडवलेणीच्या पायथ्याशी मागचा ब्रेक नुसता किंचाळत होता, थांबवत काही नव्हता. पॅडची जोडी फेकली. तेव्हापासून चेनला थेंब-थेंब तेल, आणि तेवढा वेळ डिस्क जुन्या फडक्याने झाकलेली.

एका गॅरेजवाल्याने तर माझ्यासमोर गिऱ्हाइकाची सायकल पॉलिशने चकाचक केली, चकतीसकट. गिऱ्हाईक खूश. ते कोपऱ्यावर थांबलं की नाही, देव जाणे.

वाजते तेव्हा करायचं काय? चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ फडक्याने पुसा. बोट लावू नका, बोटांचंही तेल लागतं. आणि घाटातून नुकते उतरला असाल तर अजिबातच नको, चटका बसेल. पॅड तेल प्यायलं असेल तर नवं टाका. मग मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता सावकाश दाबत जवळजवळ थांबायचं. पॅडचा थर चकतीवर नीट बसतो, पकड येते. ही पायरी लोक गाळतात आणि नव्या पॅडला शिव्या घालतात.

नुसतं 'सर्र सर्र' घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, आणि दाबलेलीच असताना बोल्ट आलटून-पालटून कसा. एक पूर्ण कसून मग दुसरा घेतला तर कॅलिपर तिरपा होतो.

शेवटची कमेंट: 'माझ्या जुन्या सायकलला डिस्क बसेल का?' फ्रेमवर आणि पुढच्या फोर्कवर, डाव्या बाजूला, कॅलिपर बसवायची जागा आहे का बघा. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका. चांगली रबरं घ्या, केबल बदला, आणि उरलेल्या पैशात मला मिसळ द्या.