थुंकी, काठी आणि शेकोटीचा चिमटा

अमेरिकेतल्या पक्षांचं हाडवैर सुरू कुठून झालं, हा आजचा विषय. हे विचारलं की जाणकारसुद्धा चटकन न्यूट गिंग्रिच या अलीकडच्या रिपब्लिकन पुढाऱ्याकडे बोट दाखवतात. १९७९ साली प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, टीव्ही कॅमेरे आले आणि रिकाम्या बाकांसमोर भाषणं ठोकून हा गृहस्थ मोठा झाला, वगैरे. खोटं नाही, त्याच्याकडे शेवटी येतो. पण तिथून सुरुवात करायची म्हणजे तिसऱ्या अंकाला थिएटरात शिरायचं. पहिला अंक फिलाडेल्फियात आहे, ३० जानेवारी १७९८.

काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तेव्हा तिथे भरायची. एका मतदानाची मोजणी चालली होती आणि सभासद इकडेतिकडे गप्पा छाटत होते. त्यांत व्हरमाँट राज्याचा मॅथ्यू लायन. पोरवयात आयर्लंडहून करारावर राबायला आलेला, आता जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाचा खंदा माणूस. (आजचे रिपब्लिकन वेगळे, गल्लत नको.) तो कनेटिकट राज्याच्या पुढाऱ्यांवर तोंडसुख घेत होता. कनेटिकटचाच रॉजर ग्रिसवोल्ड जवळ होता, फेडरलिस्ट, म्हणजे विरुद्ध पक्षाचा. त्यानं विचारलं, लढायला तुमची ती लाकडी तलवार आणणार का? स्वातंत्र्ययुद्धात लायनला सैन्यातून काढलं आणि नाचक्की म्हणून कमरेला लाकडी तलवार बांधायला लावली, अशी वदंता होती. वर्मी लागलं. लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. 'येथे थुंकू नये' ही पाटी तिथे नसावी.

फेडरलिस्टांनी हकालपट्टीचा ठराव आणला. बाजूनं ५२, विरुद्ध ४४. दोन-तृतीयांश लागतात, म्हणजे ६४. बारा कमी पडली. थुंकला की नाही यावर वाद नव्हताच, तरी मतं जवळपास पक्षानुसारच पडली. मग १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड हिकरीची काठी घेऊन आला आणि बसलेल्या लायनला बदडायला लागला. लायन धडपडत शेकोटीपाशी पोचला, त्यानं चिमटा उचलला, आणि देशाचे दोन कायदेकर्ते जमिनीवर लोळले.

जुलैत फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा आणला. सरकार, राष्ट्राध्यक्ष किंवा काँग्रेसबद्दल खोटं आणि बदनामीकारक छापाल तर २००० डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. यादीत उपराष्ट्राध्यक्ष नाही. का? तो विरोधी पक्षाचा जेफरसन होता, त्याला खुशाल शिव्या घाला! कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष ॲडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. मसुदा करणाऱ्याची कमाल आहे. लायनला चार महिने आणि १००० डॉलर दंड झाला. तो व्हर्जेन्सच्या तुरुंगात बसून पुन्हा निवडून आला.

सभेच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. मुख्य मुद्दा तर आता येतोय, तेव्हा भराभर सांगतो.

राज्यघटना लिहिणाऱ्यांना पक्ष नकोच होते, त्यामुळे 'विरोधी पक्ष' नावाची खुर्चीच त्यांनी ठेवली नाही. विरोध करणारा तो फितूर. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतले निर्वाचक. तेव्हा प्रत्येक निर्वाचकाला दोन मतं, पहिला आलेला राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. १७९६ला ॲडम्स ७१, जेफरसन ६८, आणि दोन वैरी एकाच सरकारात. वर्तमानपत्रांनी तेल ओतलं. जेफरसननं परराष्ट्रमंत्री असताना फिलिप फ्रेनो या कवी-संपादकाला आपल्याच खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमलं, आणि हा फ्रेनो बाहेर वर्तमानपत्र काढून सरकारवरच तुटून पडायचा. १७९२च्या टपाल कायद्यात पत्राला अंतरानुसार ६ ते २५ सेंट, वर्तमानपत्राला एक-दीड सेंट. संपादकांनी एकमेकांना पाठवलेले अंक फुकट. म्हणजे बोस्टनची शिवी चार्ल्सटनपर्यंत बिनपैशात.

सगळ्यांत टिकाऊ खोडी व्हर्जिनियाची. १७९६ला तिथे निर्वाचकांची जिल्हावार निवड होती, म्हणून ॲडम्सला एक मत निसटून मिळालं. १८००च्या आधी जेफरसनच्या लोकांनी पद्धत बदलली : ज्याची सरशी, त्याचे राज्यातले सगळे निर्वाचक. मॅसॅच्युसेट्सनं उट्टं काढलं, निवड मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे दिली. निकाल? जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा जोडीदार ॲरन बर, दोघांना ७३-७३, कारण निर्वाचकांनी दोन मतं दोघांना वाटली. बरोबरी झाली की निवाडा प्रतिनिधिगृहाकडे, प्रत्येक राज्याला एक मत. तिथे ३६ फेऱ्या. शेवटच्या फेरीत व्हरमाँटचा फेडरलिस्ट सभासद गैरहजर राहिला, आणि राज्याचं मत एका माणसानं जेफरसनला दिलं. मॅथ्यू लायननं.

दोन मतांचा घोळ १८०४च्या बाराव्या दुरुस्तीनं मिटवला. व्हर्जिनियाची युक्ती मात्र आज मेन आणि नेब्रास्का सोडून ४८ राज्यांत चालू आहे. गिंग्रिच राहिलेच, कोणी प्रश्न विचारला तर सांगतो.