श्रीमंत म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन द्यावी का? आधी दाखला कुणाकडे मागतो ते बघा

नमस्कार मंडळी!

ज्याचा स्वतःचा बंगला आहे, बँकेत एफडी आहेत, मुलगा परदेशात कमावतोय, अशा माणसाला सरकारने म्हातारपणी पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. फक्त आपल्याकडे तो भलत्याच माणसाला विचारला जातो. आजचा व्हिडिओ त्याबद्दल आहे.

निवृत्त सरकारी नोकरांचं आधी उरकून घेऊ, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्याला पेन्शन मिळते आणि चांगली मिळते. पण डिसेंबर १९८२ मध्ये डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीतून कमावलेला हक्क आहे. नोकरीला लागताना ठरलेला मोबदला, माणूस पुढे पैसेवाला झाला म्हणून कापायचा नसतो. त्यावर आयकर घ्या. तो घेतला जातोच. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन, मार्च २०२३ चा संप, हे सगळं वेगळं प्रकरण आहे, त्यात आज शिरत नाही.

आता वळू आमदारांकडे.

[पडद्यावर: ५०,००० + दर वाढीव वर्षाला २,०००]

महाराष्ट्रात माजी आमदाराला महिन्याला ५०,००० रुपये पेन्शन आहे. २०१६ मध्ये ती ४०,००० वरून वाढवली. पाच वर्षांच्या पुढे प्रत्येक वर्षामागे २,००० जास्त. म्हणजे पाच टर्म केलेल्याला ९०,०००. आणि ही मिळवताना उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. खरं तर मागायचीही गरज नाही, कारण निवडणुकीच्या अर्जासोबत मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःच भरलेलं असतं. २०२४ च्या विधानसभेनंतर निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर या संस्थेने २८६ विजयी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं तपासली. त्यात २७७ कोट्यधीश निघाले.

यावर लोक सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव घेतात, आणि बरोबर घेतात. अकरा वेळा आमदार, राहणी साधी, एसटीने फिरणारा माणूस. अशांसाठी पेन्शन हवीच. राजकारणात आयुष्य घालवलेल्याने उतारवयात कुणापुढे हात पसरू नयेत, हे मलाही पटतं. पण मग पेन्शन गरजेपुरती ठेवा ना! प्रतिज्ञापत्रात दहा-वीस कोटी दाखवणाऱ्याला ती कशाला?

आता गंमत बघा. पीएम किसान सन्मान निधी माहीत आहे ना, वर्षाला ६,००० रुपयांची? त्या योजनेतून कुणाला वगळलंय? आयकर भरणाऱ्यांना. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेल्यांना, चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी सोडून. आणि आजी-माजी मंत्री, खासदार, आमदारांना. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये द्यायची वेळ आली की माजी आमदार सरकारला श्रीमंत वाटतो. पन्नास हजार द्यायची वेळ आली की त्याच्या श्रीमंतीचा विषयच निघत नाही.

आणि श्रीमंतीची खरी झडती कुणाची होते? श्रावणबाळ योजनेतल्या म्हाताऱ्यांची.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यात दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी केंद्राचा वाटा धरला, तर ८० वर्षांपर्यंत तो २०० रुपये आहे. हो, दोनशेच. तो आकडा २००६-०७ पासूनचा आहे. गावाकडे याला ‘पगार’ म्हणतात. ‘म्हातारीचा पगार आला का?’ दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर हा पगार सुरू व्हायला वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला १,७५०, दिवसाला ५७-५८ रुपये! एवढ्यात जगणारं घर तलाठ्याने शोधायचं कुठे? मग होतं काय, तर ज्याची ओळख आहे त्याच्या दाखल्यावर २०,००० लिहून येतं, आणि ज्याची नाही तो तहसील कार्यालयाच्या चकरा मारतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उठत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मागची रांग चुळबुळ करते, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘आजी, उद्या या.’

यातही एक विचित्र सांधा आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि वय २१ ते ६५. म्हणजे ६४ वर्षांच्या बाईला घरात दोन लाख येत असले तरी १,५०० मिळतात. पासष्टी उलटली की ती त्या योजनेतून बाहेर, आणि श्रावणबाळच्या दारात गेली तर तिथे मर्यादा २१,०००. हात थकले, औषधं वाढली, नेमके तेव्हाच पैसे बंद. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. दोन फायली एकमेकींशी बोलत नाहीत, एवढंच.

‘मग सगळ्यांनाच देऊन टाका’ म्हटलं की ‘श्रीमंतही घेतील’ ही ओरड होते. याची परीक्षा ब्रिटनने नुकतीच दिली. तिथे म्हाताऱ्यांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला २०० ते ३०० पौंड मिळायचे, लखपतीलाही. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ते फक्त गरिबांच्या भत्त्याशी जोडले. जवळपास एक कोटी लोक बाहेर पडले. त्यात श्रीमंत होते, पण भत्त्याला पात्र असून त्याचा अर्जच न केलेले गरीबही होते. इतका गदारोळ झाला की जून २०२५ मध्ये निर्णय फिरवला. आता पैसे सगळ्यांना, आणि वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर असेल तर करखातं ते परत घेतं.

मला हीच रीत पटते. गरिबाने गरिबी सिद्ध करत बसू नये, श्रीमंताला सरकारने शोधावं. आणि ते सरकारला जमतं. अटल पेन्शन योजनेत ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला नवं खातं उघडता येत नाही. पॅन आधारला जोडलंय, पेन्शनरांची यादी कोषागारात आहे. आयकर भरणारे आणि सरकारी पेन्शनर, एवढे दोन गट गाळा आणि ६५ च्या पुढच्या बाकी सगळ्यांना द्या, तलाठ्याच्या दाखल्याशिवाय. काही धनदांडगे सुटतील, ज्यांची शेती मोठी आणि कर शून्य. सुटू देत. त्यांच्यासाठी लाखो म्हाताऱ्यांना रांगेत उभं करणं मला महाग वाटतं.

खर्च वाढेल, नक्की वाढेल. आमदारांची पेन्शन कापून तो भागणार नाही, हेही सांगून ठेवतो. ती रक्कम त्यामानाने किरकोळ आहे. पण ज्यांच्या सहीने २१,००० ची अट ठरते, त्यांना स्वतःला एखादी अट लागू झाली तर ती पुन्हा वाचाविशी तरी वाटेल. पंजाबने २०२२ मध्ये कायदा बदलला. तिथे कितीही वेळा निवडून आलात तरी पेन्शन एकाच टर्मची. आणि ते विधेयक मंजूर करणारे आमदारच होते.